आधी पाऊस विचारा, मग तिकीट काढा

मे महिन्याच्या सुट्टीत आफ्रिकेला जायचं म्हणताय, तर भाचरांनो, पैसे भरायच्या आधी आत्याचं जरा ऐकून घ्या. जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पण मेमध्ये नको.

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आपल्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात, हे तुम्ही लहानपणापासून बघताय. एक कालनिर्णय, एकादशी-चतुर्थीसाठी. दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप, दूधवाल्याच्या हिशोबासाठी आणि इथल्या सुट्ट्यांसाठी. दोन्ही आपापल्या कामाला चोख. पण आफ्रिकेचा पाऊस दोन्हींत छापलेला नाही, आणि जंगलाची सहल बसते किंवा फसते ती पावसावर.

तुमचे आजोबा कान्हाला निघताना एकच गोष्ट सांगायचे: जनावर शोधू नका, पाणी शोधा. मे अखेरीचा नवतपा लागला की नाले आटतात, गवत वाळून बसतं, झुडपांची पानं झडून आतलं दिसायला लागतं. उरल्यासुरल्या पाणवठ्यावर चितळापासून वाघापर्यंत सगळ्यांना यावंच लागतं. म्हणून अंगाची लाही होत असली तरी रायपूरचा माणूस मेमध्ये बारनवापारा नाहीतर कान्हा गाठतो. मग मृग बरसतो आणि 1 जुलैपासून कान्हाचा गाभा तीन महिने बंद होतो. हे गणित आपल्या इतकं अंगात मुरलंय की आफ्रिकेलाही आपण तेच लावून मोकळे होतो. गणित तिथंही हेच चालतं, फक्त महिने बदलतात.

केनिया, युगांडा, रवांडा आणि टांझानियाचा उत्तर भाग विषुववृत्ताच्या आजूबाजूला येतो. तिथं वर्षात दोन पावसाळे. थोरला मार्च ते मे, धाकटा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. युगांडा-रवांडात हा धाकटा सप्टेंबरच्या मध्यापासूनच डोकवायला लागतो. या दोघांच्या मधे दोन कोरडे हंगाम: एक जून ते सप्टेंबरचा मध्य, दुसरा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. म्हणजे आपलं जंगल बंद होतं तेव्हा त्यांचं रंगात येतं, आणि आपण पाणवठ्यावर वाघाची वाट बघत बसतो तेव्हा तिथं जीप चिखलात रुतलेली असते.

हंगाम जनावराच्या अंगात किती खोल असतो ते बघा. देशातले शेवटचे चित्ते 1947 च्या सुमारास आपल्याच छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात, तिथल्या महाराजांच्या बंदुकीला बळी पडले असं मानतात. मग 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. 2023 च्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावर दाट हिवाळी केस आले, कारण त्यांच्या मुलखात जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. वरून आपला ओला उकाडा. रेडिओ कॉलरखालची कातडी ओली राहिली, जखमा चिघळल्या, त्यात किडे पडले आणि काही चित्ते दगावले. देश बदलला तरी जनावराचं पंचांग तेच राहिलं होतं. त्यांच्या देशात जाताना आपण त्यांचं पंचांग पाळायचं.

काय बघायचंय ते आधी ठरवा

"आफ्रिकेचा सगळ्यात चांगला महिना कोणता?" असं विचारलंत तर कोणीही काहीही सांगेल. गोरिला, चिंपांझी, विल्डबीस्टचे कळप, हत्ती, प्रत्येकाचा महिना निराळा. सगळं एका सहलीत कोंबायला गेलात तर अर्धे दिवस रस्त्यात जातील. एक गोष्ट पक्की करा, दुसरी जमली तर जोडा.

गोरिलासाठी

डोंगरी गोरिला जगात दोनच जंगलांत उरलेत. एक युगांडातलं ब्विंडी. दुसरं विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवरचं, जे रवांडा, युगांडा आणि काँगो या तिघांत वाटलं गेलंय. गेल्या मोजण्यांत दोन्हीकडचे मिळून 1,063 भरले. हा प्राणी स्थलांतर करत नाही, बारा महिने तिथंच असतो. तेव्हा तो दिसेल का याची फार काळजी करू नका. आपल्याला चढवेल का, याची करा.

ब्विंडीची उंची साधारण 1,160 पासून 2,600 मीटरपर्यंत जाते, विरुंगात तर त्याहून वर चढावं लागतं. आपलं रायपूर तीनशे मीटरवर. बूढातालाबाला सकाळी चार फेऱ्या मारणाऱ्यालाही तिथं तासाभरात धाप लागते. माग काढणारी माणसं पहाटेच पुढे जातात. आदल्या रात्री कळप जिथं झोपला होता तिथली पाल्याची घरटी शोधून तिथून मागावर निघतात आणि गाइडला वायरलेसवर कळवतात. तुमच्या नशिबाने कळप तासाभरावर असेल, नाहीतर सहा तासही चालावं लागेल. पायवाट अशी फार नसतेच. वेली कोयत्यानं तोडत जायचं, खाली निसरडा पाला आणि दोन्ही बाजूंना खाजकुयलीची आठवण करून देणारी काटेरी पानं. एवढं करून गोरिलांजवळ थांबायला मिळतं ते मोजून एक तास.

म्हणून गोरिलासाठी पहिली पसंती जून ते ऑगस्ट, दुसरी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी. पावसातही ट्रेक चालू असतात आणि त्याचे फायदेही आहेत. गर्दी कमी, राहण्याचे दर उतरलेले, आणि विरुंगात पावसानंतर बांबूला कोंब फुटले की ते खायला गोरिला खालच्या पट्ट्यात उतरतात, त्यामुळे चढ वाचू शकतो. तिशीच्या आतल्या, दणकट गुडघ्यांच्या माणसानं एप्रिल-मे धरायला हरकत नाही. पण तुम्ही माझ्या दादा-वहिनींना बरोबर नेताय. चिखलाच्या उतारावर त्यांचे गुडघे पणाला लावू नका.

आणि एक. कोणाला अजिबात चढवत नसेल तर ब्विंडीत खुर्ची किंवा डोली उचलून नेणारे गावकरी मिळतात. आठ-दहा जण आळीपाळीनं खांदा देतात. तिथं तिला गमतीनं हेलिकॉप्टर म्हणतात. खर्च बराच येतो, पण तो आधीच सांगून ठरवून ठेवा. डोंगरात निम्म्यावर गेल्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

चिंपांझीसाठी

चिंपांझी बघायचे तर युगांडातलं किबाले सोयीचं. चढ फारसा नाही, पण चिंपांझी झपाझप चालतात आणि त्यांच्यामागे तुम्हालाही पळावं लागतं. कोरड्या दिवसांत पायाखालची वाट साथ देते. ते जमिनीवर भेटणार की तीस मीटर उंच शेंड्यावर, हे मात्र त्या आठवड्यात कोणत्या झाडाला फळं लागलीत यावर ठरतं. तिथं आपला इलाज नाही. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी गोम्बे आणि महाले अशी दोन जंगलं आहेत. जेन गुडॉल यांनी जुलै 1960 मध्ये काम सुरू केलं ते गोम्बेत. महालेला जायचं तर ऑगस्ट ते ऑक्टोबर धरा. कोरड्याच्या शेवटी चिंपांझी डोंगरावरून खाली, सरोवराच्या बाजूला उतरलेले असतात.

कळपांसाठी

विल्डबीस्टच्या स्थलांतराचे जे व्हिडिओ बघून तुम्ही भारावलात, नदीत उड्या, मगरी, धुरळा, ते मारा नदीचं दृश्य साधारण जुलै ते सप्टेंबरमधलं, कधी ऑक्टोबरपर्यंत लांबतं. तुम्ही मेमध्ये केनियातल्या मसाई मारात पोचलात तर ते दहा-बारा लाख प्राणी तिथं नसतातच, टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मधल्या आणि पश्चिमेच्या भागात कुठंतरी चालत असतात. नोव्हेंबरचा धाकटा पाऊस पडला की ते दक्षिणेला, न्डुटूच्या आखूड गवताच्या माळावर परततात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, गवत कसदार असतं. म्हणून फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या तिथंच वितात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईमागे धावू लागतं, आणि चित्ते, तरस, सिंह टपलेलेच असतात. नदीवर दिवस दिवस ताटकळण्यापेक्षा मला तरी हे बघणं जास्त पटतं. गर्दीही कमी असते.

हंगाम कोणाला कळतो ते दरपत्रकावरूनही दिसतं. मसाई मारात परदेशी पाहुण्याला दिवसाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून 100 डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर.

दक्षिणेकडं गेलात तर

दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, झिंबाब्वे, झांबिया इथं पावसाळा एकच, नोव्हेंबर ते मार्च. मे ते ऑक्टोबर कोरडं. तिथला सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आपला अगदी मे: रणरणतं ऊन आणि पाण्यावर हत्तींची रीघ. युरोपातली मंडळी तेव्हाच्या उन्हाला घाबरतात. आपण रायपूरकरांनी घाबरायचं कारण नाही. फक्त ओकावांगोचं त्रिभुज खोरं उलट्या चालीचं. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत, ते पाणी काही महिने वाहत येतं आणि ऐन कोरड्यात, जून ते ऑगस्टच्या सुमारास, बोट्सवानातलं ते खोरं भरून टाकतं. आजोबांचं पाणी शोधा हे वाक्य तिथं शब्दशः लागू पडतं.

आपल्या सुट्ट्या आणि त्यांचे महिने

आता खरी अडचण. तुमच्या धाकट्याची शाळा.

उन्हाळी सुट्टीतला एप्रिल आणि मे पूर्व आफ्रिकेसाठी सोडून द्या. पण शाळा 16 जूनच्या आसपास उघडते, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा हातात राहतो. तेवढ्यात गोरिला छान जमतात. पाऊस नुकताच उघडलेला, डोंगर हिरवेगार, हवा धुतलेली. गवताळ रानात मात्र गवत अजून उंच असतं, सिंह बसला तर कानही दिसत नाहीत. त्या दिवसांत गोरिलांना मुख्य धरा.

दिवाळीच्या सुट्टीसाठी कालनिर्णय उघडा, कारण दिवाळी सरकते आणि आफ्रिकेचा पाऊस सरकत नाही. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला, 2027 ची 29 ऑक्टोबरला. नोव्हेंबरात आली तर पूर्वेला धाकटा पाऊस आणि दक्षिणेलाही पावसाची सुरुवात, तेव्हा घरी फराळ करा. ऑक्टोबरात लवकर आली तर दक्षिणेचा विचार करायला हरकत नाही.

नाताळची सुट्टी सगळ्यात उपयोगी, आणि आपली माणसं तीच विसरतात. गोरिला आणि न्डुटूचा माळ एकाच सहलीत जमतात. चार दिवस रजा टाकून जानेवारीत ओढता आली तर आणखी उत्तम, नाताळचे चढे दर तोवर उतरतात.

शाळेची अडचण नसलेल्यांनी फेब्रुवारी किंवा ऑगस्ट धरावा. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती सापडले आणि घरचे सोडवत नसतील, तर नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, आरतीला तिथं उभं राहता येईल.

परमिट आधी, विमान नंतर

गोरिलाची परमिटं रोज मोजकीच मिळतात, एका कळपामागे आठ माणसं. युगांडात परदेशी पाहुण्याला 800 डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या घरात. रवांडात 1,500. जून ते सप्टेंबरची परमिटं कित्येक महिने आधी संपतात. तेव्हा विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून आधी ते काढायचं आणि मग परमिट शोधत फिरायचं, असं करू नका. परमिटची तारीख हातात आली की तिच्याभोवती बाकी सगळं बांधा.

वयाची अट 15 वर्षं. धाकटा अजून तेरा-चौदाचा असेल तर गोरिला दोन वर्षं पुढे ढकला. एकानं त्याला घेऊन लॉजवर बसायचं आणि बाकीच्यांनी बघून यायचं, यात कोणालाच सुख नाही. त्याला आधी मसाई मारा दाखवा.

केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक पर्यटक व्हिसा मिळतो, 100 डॉलरचा, 90 दिवसांचा. टांझानियाचा वेगळा काढावा लागतो.

लस आणि सर्दी

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. केंद्रात रोज मिळत नाही, आधी चौकशी करून नंबर लावा. तो पिवळा दाखला पासपोर्टलाच जोडून ठेवा. युगांडा-केनियाहून परतताना तो नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दादांसारख्या साठीच्या पुढच्या माणसानं ही लस पहिल्यांदा घेताना डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावी, त्या वयात तिचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तर शेवटपर्यंत घ्या, परत आल्यावरच्या दिवसांतल्यासुद्धा. बस्तरचा मलेरिया बघितलेल्या घराला हे वेगळं सांगायला नको.

सर्दी-खोकल्याचं मात्र सांगायला हवं. माणसाचा साधा खोकला गोरिलाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. म्हणून तोंडावर मास्क, दहा मीटर अंतर, आणि शिंकणारा माणूस दिसला तर गाइड त्याला परत पाठवतो. डिसेंबरात जाणार असाल तर निघण्यापूर्वीच्या आठवड्यात लग्नाच्या पंगती टाळा. एका वाहत्या नाकापायी सत्तर हजार जातील.

सामान

छोट्या विमानानं जाणार असाल तर साधारण 15 किलोच, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घरीच ठेवा.

गोल बाजारात मिळते तसली मिलिटरी छापाची पँट घेऊ नका, युगांडात साध्या नागरिकाला ती घालायला मनाई आहे. काळे आणि गडद निळे कपडेही नकोत, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते. खाकी, मातकट, फिका हिरवा बरा.

स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीवर आपली माणसं नुसते सुती कपडे भरतात. नैरोबी जवळपास 1,800 मीटरवर आहे, आणि जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. गोरिलाच्या ट्रेकला पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि बागकामाचे जाड हातमोजे. धरायला जाल ती प्रत्येक फांदी काट्याची असते.

चिवडा-शंकरपाळे जरूर न्या, पण पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नाही. रवांडानं त्या 2008 पासून बंद केल्यात, केनियानं 2017 पासून, टांझानियानं 2019 पासून. डब्यात भरा किंवा कापडी पिशव्या शिवून घ्या.

डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या. जुन्या, चुरगळलेल्या नोटा तिथं कोणी हातात घेत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी

सकाळी गट पाडतात तेव्हा आपली तब्येत खरी सांगा. "जवळचा कळप द्या, आई साठीची आहे," असं स्पष्ट म्हणा. लाजून गप्प बसाल तर दूरचा कळप वाट्याला येईल. हातात काठी घ्या. आणि एक हमाल नक्की करा, ओझं नसलं तरी. वीसेक डॉलरमध्ये तो पाठपिशवी घेतो, चढावर हात देतो, घसरलात तर धरतो. त्या पैशावर गावातली घरं चालतात, आणि जंगल राखण्यात गावाचा फायदा आहे हे गावाला पटतं ते अशाच मार्गानं.

एका तासात पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. मोठा नर छातीवर थापा मारत पुढे आला तर पळायचं नाही. गाइड सांगेल तसं खाली बसायचं, नजर जमिनीकडे.

तेव्हा माझा निकाल असा. गोरिला हवे असतील आणि धाकटा पंधराचा झाला असेल, तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा नाताळ. कळप हवे असतील तर मारासाठी ऑगस्ट, पिल्लांसाठी फेब्रुवारी. आणि या मे महिन्यात घरात बसवतच नसेल, तर रायपूरहून सकाळी निघून कान्हा गाठा. तिथला मे जगात कुठल्याही जंगलाच्या तोडीचा आहे.